मोरचुदाचा हिशेब

मोरचूद (तांब्याचा निळा क्षार) 1 किलो, कळीचा चुना 1 किलो, पाणी 100 लिटर. निफाड-दिंडोरीपासून तासगाव-पलूसपर्यंत कुठल्याही द्राक्ष बागायतदाराला हे प्रमाण विचारा, तो झोपेतही सांगेल. चकचकीत विळा मिश्रणात बुडवायचा आणि पात्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडलाय असं समजायचं, हेही सांगेल. वेलींवरचा रोग रोखायला फवारलं जाणारं हे बोर्डो मिश्रण फ्रान्सच्या ज्या बोर्डो भागाच्या नावाने ओळखलं जातं, तिथल्याच नव्हे तर सगळ्या युरोपातल्या सेंद्रिय द्राक्षबागांची आज या निळ्या पाण्यामुळे कुचंबणा झाली आहे. घरच्या बागेतली द्राक्षं घरच्याच तळघरात आंबवून, घरच्याच नावाने बाटलीबंद करणाऱ्या छोट्या कुटुंबांची तर जास्तच.

गोष्ट एकोणिसाव्या शतकातली. 1860 च्या दशकात फिलॉक्सेरा नावाची मुळं पोखरणारी कीड फ्रान्समध्ये पोचली आणि बागा उभ्या वाळू लागल्या. त्यावर तोडगा म्हणून अमेरिकेतले कणखर वेल आणले गेले आणि 1878 मध्ये आणखी एक अमेरिकी पाहुणा फ्रान्सच्या पानांवर दिसला. आपले बागायतदार ज्याला डाऊनी किंवा केवडा म्हणतात, तो हाच. पानाच्या वरच्या बाजूला तेलकट पिवळे डाग, खालच्या बाजूला पांढरी लव, मग पानगळ. पानंच गेली तर घडात साखर भरणार कुठून?

1882 च्या ऑक्टोबरात बोर्डो विद्यापीठातले वनस्पतीशास्त्राचे प्राध्यापक पिएर-मारी-अलेक्सिस मिलार्दे बोर्डोच्या मेदोक भागात फिरत होते. बागेच्या आतल्या वेलींची पानं झडलेली, पण रस्त्याकडेच्या ओळी मात्र हिरव्यागार. चौकशी केल्यावर कळलं की येणाऱ्या-जाणाऱ्यांनी द्राक्षं खाऊ नयेत म्हणून त्या ओळींवर चुना आणि मोरचुदाचं पाणी शिंपडलं होतं. पानं विषारी दिसावीत एवढाच हेतू. मिलार्देंनी रसायनशास्त्रज्ञ युलिस गायों यांच्या मदतीने प्रयोग करून 1885 मध्ये मिश्रणाची कृती प्रसिद्ध केली. जगातल्या सर्वात जास्त वापरल्या गेलेल्या बुरशीनाशकांपैकी एक, वाटसरूंच्या भीतीपोटी सापडलेलं!

केवड्याला आपण बुरशी म्हणतो खरं, पण काटेकोरपणे तो बुरशी नाही. प्लाझ्मोपारा व्हिटिकोला हा जीव शेवाळांच्या एका गटाला जास्त जवळचा आहे. त्याचे बीजाणू पानावरच्या पाण्याच्या पातळ थरातून चक्क पोहतात, पर्णरंध्र गाठतात आणि तिथून आत शिरतात. म्हणून पाऊस हवाच. युरोपातल्या बागायतदारांचा ठोकताळा आहे: तापमान 10 अंशांवर, पाऊस 10 मिलिमीटर आणि वेलीची नवी फूट 10 सेंटिमीटर झाली की पहिल्या लागणीसाठी तयार राहा. तांब्याचे आयन या पोहणाऱ्या बीजाणूला पानाच्या बाहेरच गाठतात आणि त्याची विकरं (एन्झाइम) निकामी करतात. एकाच वेळी अनेक ठिकाणी घाव बसत असल्यामुळे जवळपास दीडशे वर्षांत केवडा तांब्याला सरावलेला नाही. पानात भिनणाऱ्या, म्हणजे आंतरप्रवाही रसायनांपैकी काहींना तो थोड्याच वर्षांत पचवून बसला.

पण बीजाणू एकदा आत शिरला की पृष्ठभागावरच्या तांब्याचा उपयोग नाही. फवारणी पावसाआधीच हवी. जोराचा पाऊस झाला की थर धुऊन जातो आणि नव्याने फुटलेल्या पानांवर तो नसतोच. ओल्या हंगामात फवारणीमागून फवारणी होते ती यामुळे. सेंद्रिय शेतीत कृत्रिम बुरशीनाशकांना बंदी असल्याने हातात उरतं ते मुख्यतः तांबं.

आता हिशेब मांडू. मोरचुदात वजनाने साधारण चौथा हिस्सा तांबं असतं. 1 टक्क्याचं मिश्रण हेक्टरी 1000 लिटर मारलं तर 10 किलो मोरचूद, म्हणजे अडीच किलो तांबं जमिनीच्या वाट्याला. युरोपीय संघाने 2019 पासून घातलेली मर्यादा आहे 7 वर्षांत हेक्टरी 28 किलो, म्हणजे वर्षाला सरासरी 4 किलो. जुन्या पद्धतीच्या दोन फवारण्यांतच कोटा संपून वर एक किलोची उधारी. त्यामुळे आज तिथे एका वेळी काहीशे ग्रॅमच तांबं मारतात.

4 किलो ऐकायला फार वाटत नाही. पण तांबं कुजत नाही, उडून जात नाही आणि घडांबरोबर बागेबाहेर जातं ते ग्रॅममध्ये मोजण्याइतकं. बाकीचं मातीतल्या सेंद्रिय पदार्थाला चिकटून वरच्या वीतभर थरातच बसतं. 15 सेंटिमीटर जाडीच्या मातीचं वजन हेक्टरी सुमारे 2000 टन धरलं, तर दर वर्षीचे 4 किलो म्हणजे किलोभर मातीत 2 मिलिग्रॅमची भर. एका पिढीत, तीस वर्षांत, 60 मिलिग्रॅम. युरोपीय संघातल्या मातीच्या पाहणीत सगळ्या जमिनींची सरासरी किलोला सुमारे 17 मिलिग्रॅम आली, द्राक्षबागांची 49. ही आजोबा-पणजोबांची शिल्लक आहे, त्यांच्या काळी वापरावर मर्यादा कुठली?

याचा त्रास जुन्या वेलींना फारसा होत नाही, त्यांची मुळं खोल गेलेली असतात. नव्या लागवडीची कोवळी मुळं मात्र नेमकी त्याच थरात वाढतात. गांडुळं अशा मातीपासून लांब राहतात. शेंगवर्गीय आच्छादन पिकांच्या गाठींतले नत्र बांधणारे जिवाणूही तांब्याला नाजूक, आणि रासायनिक खत न टाकणाऱ्याला नेमकी तीच पिकं हवी असतात. आम्लधर्मी मातीत तांबं जास्त मोकळं होतं, चुनखडीच्या मातीत जखडलेलं राहतं. आपल्याकडच्या चुनखडीयुक्त, विम्ल काळ्या जमिनींना तेवढा दिलासा आहे, पण तेवढाच.

छोट्या कुटुंबाची अडचण इथून सुरू होते. तांबं वाचवायचं तर मात्रा कमी आणि फवारण्या जास्त. म्हणजे ट्रॅक्टरच्या फेऱ्या वाढल्या, डिझेल वाढलं, ओल्या मातीवर चाकं फिरून ती दबली. तणनाशक नाही म्हणून वेलीखालची नांगरटही यंत्रानेच. ‘सेंद्रिय’ या एका शब्दाखाली हे सगळे खर्च झाकले जातात, हे मला खटकतं. 2018 च्या ओल्या हंगामात बायोडायनॅमिक (सेंद्रियच, पण आणखी कडक नियमांच्या) पद्धतीने पिकवणाऱ्या मेदोकमधल्या शातो पामेरसारख्या नामांकित बागेला हेक्टरी जेमतेम 1100 लिटर वाइन मिळाली. अशा बागेची एकेक बाटली इतकी महाग जाते की ती हा फटका सोसू शकते. पाच-सात हेक्टरवर घर चालवणाऱ्याला तसाच हंगाम पुढे कर्जाच्या रूपाने कित्येक वर्षं फेडावा लागतो.

घडांबरोबर थोडं तांबं तळघरातही पोचतं. सुदैवाने यीस्टच्या पेशी बरंचसं तांबं शोषून घेतात आणि आंबवणं संपल्यावर गाळाबरोबर तळाशी बसतात. तयार वाइनमध्ये लिटरला 1 मिलिग्रॅमपेक्षा जास्त तांबं नसावं, असा आंतरराष्ट्रीय दंडक आहे. सोव्हिन्यों ब्लाँ पिकवणाऱ्यांना वेगळी काळजी. नाशिकमध्येही लावल्या जाणाऱ्या या वाणाचा पपनसासारखा गंध ज्या गंधकयुक्त रेणूंमुळे येतो, ते थायॉल तांब्याशी बांधले जातात आणि गंध मुका होतो. म्हणून जाणते लोक काढणीच्या तोंडावर त्या बागेत तांबं टाळतात. उलट, नत्राच्या उपासमारीने यीस्टने कुजक्या अंड्याचा वास सोडला, तर तोच दुर्गंध बांधायला चिमूटभर मोरचूद कामी येतो.

या साऱ्यात मला सर्वात गमतीची वाटते ती यीस्टची चलाखी. वाइन आंबवणाऱ्या सॅकरोमायसिस सेरेव्हिसी या यीस्टच्या जनुकसंचात तांबं पकडून ठेवणारं प्रथिन बनवणारं एक जनुक आहे. ओकच्या झाडांवर राहणाऱ्या रानटी यीस्टमध्ये त्याच्या प्रती कमी, तर वाइनच्या कित्येक यीस्टमध्ये तेच जनुक ओळीने पुन्हा पुन्हा छापलेलं. ज्यांच्याकडे प्रती जास्त ते तांब्याने माखलेल्या द्राक्षांवर तगले, अशी शास्त्रज्ञांची मांडणी आहे. विकतचं यीस्ट न वापरता सालीवरच्या आणि तळघरातल्या यीस्टवर भिस्त ठेवणारी कुटुंबं ‘निसर्गावर सोडलंय’ म्हणतात, तेव्हा त्या निसर्गातही फवारणीचा हात असतो.

सुटका कशात? वेलीची दाटी कमी करून पानं लवकर सुकू देणं, बागेत छोटं हवामान केंद्र लावून गरजेपुरतंच फवारणं, यांनी तांबं बरंच वाचतं. मोठी उडी मात्र नव्या वाणांची आहे. अमेरिकी आणि आशियाई रानवेलींतली प्रतिकारशक्ती युरोपीय द्राक्षात संकराने आणलेले रेजेंट, सोलारिस यांसारखे वाण जर्मनीत रुजले. फ्रान्सने 2018 मध्ये फ्लोरेआल, व्होल्टिस, आर्ताबान आणि व्हिडोक या चार वाणांना मान्यता दिली. त्यांना फवारणी फारच थोडी लागते. अडतं ते बाजारात. कॅबर्ने किंवा मेर्लो हे ओळखीचे वाण मागणारं गिऱ्हाईक आर्ताबान कशाला उचलेल? प्रदेशाच्या नावाने वाइन विकायची तर नियमांत बसणारेच वाण लावावे लागतात, आणि ते नियम सावकाश बदलतात.

शिवाय केवडाही गप्प बसलेला नाही. प्रतिकाराच्या एकाच जनुकावर उभ्या असलेल्या काही वाणांवर मात करणारे त्याचे प्रकार युरोपात सापडले आहेत. म्हणून नव्या वाणांत दोन-दोन, तीन-तीन जनुकं एकत्र गुंफली जातात. आणि असा वाण लावणाऱ्यालाही सल्ला हाच मिळतो, की हंगामात एक-दोन फवारण्या कराच, नाहीतर ही जनुकंही फार दिवस पुरायची नाहीत.