जेंकिन्स : प्लगइन व जॉब पॅरामीटर यांचे दोषशोधन

सॉफ्टवेअरची बांधणी, चाचणी व वितरण ही कामे आपोआप पार पाडणाऱ्या जेंकिन्स या मुक्तस्रोत सर्व्हरमध्ये प्लगइन (जादा सुविधा पुरविणारे जोडघटक) किंवा जॉबचे (ठरवून दिलेल्या कामाचे) पॅरामीटर (काम सुरू करताना पुरवायची मूल्ये) यांमुळे उद्भवणारे दोष हुडकून दूर करण्याची पद्धती. जॉब तयार करण्याची रीत येथे गृहीत धरली आहे.

ही प्रणाली कोहसुके कावागुची यांनी सन मायक्रोसिस्टिम्समध्ये असताना ‘हडसन’ या नावाने लिहिली. तिचा आरंभ कोणी २००४, तर कोणी २००५ मानतात. लेखन २००४ च्या उन्हाळ्यात सुरू होऊन पहिली आवृत्ती फेब्रुवारी २००५ च्या सुमारास प्रसृत झाली असे धरल्यास दोन्ही विधानांचा मेळ बसतो. ओरॅकलने २०१० मध्ये सन ताब्यात घेतल्यावर नावाच्या हक्कावरून वाद झाला आणि जानेवारी २०११ मध्ये मतदानाने ‘जेंकिन्स’ हे नाव स्वीकारले गेले. ओरॅकलच्या दृष्टीने ही फुटून निघालेली शाखा होती, विकसकांच्या मते निव्वळ नामांतर. कावागुचींसह बहुतेक विकसक जेंकिन्सकडेच राहिल्यामुळे दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते. दोषशोधनात या वादाचे अवशेष अजून भेटतात : त्रुटींच्या नोंदींत ‘हडसन’ने सुरू होणारी वर्गनामे (प्रोग्रॅममधील क्लासची नावे) दिसतात आणि प्लगइनच्या फायलींना एचपीआय व जेपीआय असे दोन प्रत्यय आढळतात. हाताने फाईल टाकताना एकच प्लगइन दोन्ही प्रत्ययांनी राहिल्यास त्यांपैकी एक फाईल दुर्लक्षिली जाते.

प्लगइन सुरू न होण्याचे नेहमीचे कारण म्हणजे त्याला लागणारे दुसरे प्लगइन नसणे अथवा जेंकिन्सची मूळ आवृत्ती जुनी असणे. सर्व्हरच सुरू होत नसेल, तर संशयित फायलीच्या नावाला शेवटी ‘डिसेबल्ड’ हा प्रत्यय लागून होणाऱ्या नावाची रिकामी फाईल ठेवून ते प्लगइन बंद करता येते.

पॅरामीटरच्या बाबतीत मे २०१६ मधील सुरक्षा सुधारणा निर्णायक ठरली. आवृत्ती २.३ व दीर्घ पाठबळाची १.६५१.२ यांपासून, जॉबमध्ये घोषित न केलेले पॅरामीटर बिल्डच्या (जॉबच्या एका फेरीच्या) पर्यावरणात, म्हणजे तिला मिळणाऱ्या चलमूल्यांत, पोचत नाहीत. ते वगळल्याची सूचना मात्र जेंकिन्सच्या नोंदवहीत उमटते. दुसऱ्या प्लगइनने वा साखळीतील आधीच्या जॉबने धाडलेली मूल्ये त्यामुळे एकाएकी रिकामी भासू लागली. जुनी वर्तणूक परत आणणारी प्रणाली-सेटिंग उपलब्ध आहे. तथापि तिने ही तटबंदीच उघडी पडत असल्याने पॅरामीटर रीतसर घोषित करणे अथवा मोजक्या नावांनाच मुभा देणे श्रेयस्कर होय.

सांगलीच्या बाजार समितीतील हळदीच्या सौद्यांची नोंद ठेवणारी प्रणाली उदाहरणादाखल कल्पिली आणि तिच्या जॉबला ‘चाचणी वगळा’ असा बूलियन (खरे किंवा खोटे एवढीच मूल्ये घेणारा) पॅरामीटर दिला, तर पाइपलाइनमध्ये (स्क्रिप्टने लिहिलेल्या जॉबमध्ये) तो ‘पॅराम्स’मधून वाचल्यास खरे-खोटे या रूपात मिळतो, ‘एन्व्ह’मधून (पर्यावरणातून) वाचल्यास मात्र खोट्याच्या जागी ‘फॉल्स’ ही अक्षरमाला हाती येते आणि ग्रूव्ही भाषा कोणतीही रिकामी नसलेली अक्षरमाला खरी मानत असल्याने चाचण्या निमूट वगळल्या जातात. जेंकिन्सफाईलमध्ये (पाइपलाइनची स्क्रिप्ट असलेल्या फायलीत) नव्याने घोषित केलेला पॅरामीटर एक बिल्ड होईपर्यंत बिल्ड सुरू करण्याच्या अर्जात दिसत नाही, हा दोष नव्हे. निवडसूचीत ‘मिरज’सारखी देवनागरी मूल्ये असतील आणि बिल्ड चालविणाऱ्या लिनक्स यंत्राचे लोकेल (भाषा व अक्षरसंकेतन ठरविणारी मांडणी) ‘सी’ असेल, तर शेल स्क्रिप्टपर्यंत पोचताना अक्षरांच्या जागी प्रश्नचिन्हे येऊ शकतात. अशा वेळी यंत्राचे लोकेल यूटीएफ-८ करून एजंट (त्या यंत्रावर बिल्ड चालविणारा जेंकिन्सचा प्रोग्रॅम) पुन्हा सुरू करावा लागतो.