पाय पसरायला जागा आणि अंग मावायला जागा: ‘एक्स्ट्रा लेगरूम’ आणि ‘एक्स्ट्रा सीट’मधला फरक

माझा मामा चांगला धिप्पाड, अंगाने भरलेला. दिल्लीला लग्नाला जायचं ठरलं तेव्हा पुण्याहून त्याचं तिकीट मी काढलं. त्याला अवघडून बसायला लागू नये म्हणून पहिल्या रांगेतली, वरचे पैसे देऊन मिळणारी सीट घेतली. नकाशात ती वेगळ्या रंगात दाखवली होती, शेजारी ‘एक्स्ट्रा’ असा शब्द होता. मला वाटलं, झालं काम.

विमानात बसल्यावर काय घेतलंय ते कळलं. मामाच्या पायांपुढे भरपूर मोकळी जागा होती, पण मांड्या दोन्ही बाजूंनी आर्मरेस्टमध्ये आवळलेल्या. मधला आर्मरेस्ट वर करू म्हटलं तर तो हलेचना. पहिल्या रांगेला पुढे सीट नसते, त्यामुळे जेवायचा ट्रे आर्मरेस्टच्या पोटात घडी करून ठेवलेला असतो. म्हणून तो दांडा नसतो, खालपर्यंत बंद असलेली पेटी असते. चहा आला तेव्हा ट्रे बाहेर काढला, तर तो पोटावर टेकून तिरका राहिला. मामाने कप हातातच धरला आणि दोन तास कोपरं छातीशी घेऊन बसला. उतरताना म्हणाला, ‘‘माझंच वजन जास्त, विमान काय करणार?’’ ते वाक्य मला अजून टोचतं. तिकीट काढताना मी चुकीची वस्तू निवडली होती आणि अपराधी मात्र त्याला वाटत होतं.

या दोन गोष्टी विकल्या जातात एकाच ‘एक्स्ट्रा’ शब्दाखाली. पण एक्स्ट्रा लेगरूम म्हणजे पुढे-मागे मिळणारी जागा आणि एक्स्ट्रा सीट म्हणजे आडवी मिळणारी जागा. ढोपरं पुढच्या सीटला लागत असतील तर पहिली घ्यावी. कंबर, मांड्या किंवा खांदे मावत नसतील तर पहिलीचा काडीचाही उपयोग नाही, दुसरीच लागते. उंच आणि रुंद अशा दोन्ही अंगांच्या माणसाची खरी पंचाईत असते, कारण एकाच खरेदीत त्याचे दोन्ही प्रश्न सहसा सुटत नाहीत.

विमानवाल्यांच्या भाषेत पुढच्या-मागच्या अंतराला ‘पिच’ म्हणतात. एका सीटवरच्या एखाद्या ठिकाणापासून पुढच्या सीटच्या त्याच ठिकाणापर्यंतचं ते अंतर. स्वस्त तिकिटांच्या विमानांत ते २८-२९ इंचांच्या आसपास असतं. हे अंतर कंपनीच्या हातात असतं. सीटा रुळांवर बसवलेल्या असल्यामुळे त्या पुढे-मागे सरकवता येतात, एखादी रांग कमी केली की जागा वाढते. रुंदीचं तसं नाही, ती विमानाच्या नळकांड्याने ठरवलेली असते. बोइंग ७३७ची केबिन आतून सुमारे ३.५४ मीटर रुंद आणि एअरबस ए३२०ची सुमारे ३.७० मीटर. दोन्हींत मधली वाट सोडून एका रांगेत सहा सीटा बसवतात. त्यामुळे ७३७मध्ये एका सीटला साधारण १७ इंच येतात, तर ए३२०मध्ये १८च्या आसपास. एक इंच ऐकायला किरकोळ वाटतो, पण मांडीला तो चांगलाच जाणवतो. इंडिगोची बहुतेक विमानं ए३२० कुटुंबातली आहेत, अकासाची ७३७ मॅक्स. तिकीट काढताना विमानाचा प्रकार लिहिलेला असतो, तो वाचायची सवय लावून घ्यावी.

म्हणजे जास्त पैसे भरून लेगरूमची सीट घेतली तरी रुंदी तीच राहते. पहिल्या रांगेत तर ट्रेच्या पेटीमुळे ती उलट कमी भरते. आणीबाणीच्या दरवाजाजवळच्या रांगेत आणखी एक अडचण येते. सीटबेल्ट पुरत नसेल तर केबिन क्रू जोडपट्टा देतात, ज्याला एक्स्टेंशन बेल्ट म्हणतात. पण हा पट्टा लागणाऱ्या माणसाला बहुतेक कंपन्या त्या रांगेत बसू देत नाहीत, कारण घाईत बाहेर पडताना लोंबणारा पट्टा पायांत अडकू शकतो. पैसे भरून घेतलेली सीट अशा वेळी विमानात सोडावी लागते, आणि तीही सगळ्यांसमोर. पट्ट्याचे पैसे पडत नाहीत. दारातून आत शिरतानाच क्रूला हळूच सांगितलं तर ते सीटवर आणून देतात. बाजारातून स्वतःचा पट्टा विकत घेऊन नेऊ नये, तो लावू देत नाहीत.

आता एक्स्ट्रा सीट. ही एकाच माणसाच्या नावावरची, शेजारची दुसरी सीट. मधला आर्मरेस्ट वर केला की दोन सीटांची मिळून एक बैठक होते. लाल एसटीच्या बाकावर आपण सरकून बसतो ना, तशी मोकळीक मिळते. म्हणून या दोन सीटा पहिल्या रांगेत घेण्यात अर्थ नाही. आर्मरेस्ट उचलता येईल अशा मधल्या रांगा निवडाव्यात. वाटेकडचा आर्मरेस्टही बऱ्याच विमानांत उचलतो. त्याच्या खालच्या अंगाला, बिजागरीजवळ, एक लपलेली कळ असते. क्रूला विचारलं तर दाखवतात. बसायला-उठायला त्याचा फार आधार होतो.

ही सीट घेताना एक चूक सर्रास होते. बुकिंगच्या साइटवर लोक प्रवासी म्हणून स्वतःचंच नाव दोनदा टाकतात. यंत्रणेला ते चुकून झालेलं दुहेरी बुकिंग वाटू शकतं. शिवाय दुसरा प्रवासी आलाच नाही असं समजून ती सीट दुसऱ्याला गेली, तर पैसे देऊनही हाती काही लागत नाही. दुसरी सीट त्याच पीएनआरमध्ये ‘एक्स्ट्रा सीट’ म्हणूनच नोंदलेली हवी, तिचा वेगळा बोर्डिंग पास हवा आणि गेटवर दोन्ही पास दाखवायला हवेत. मामाच्या परतीच्या प्रवासाला मी हे सगळं थेट कंपनीला फोन करून केलं. इंडिगोने २०२०च्या जुलैत, करोनाच्या काळात, एकाच प्रवाशाला जादा सीट घेण्याची सोय सुरू केली होती. जादा सीटचा दर मूळ बुकिंगच्या २५ टक्क्यांपर्यंत होता आणि ती फक्त त्यांच्याच साइटवर मिळत होती. तेव्हा कारण होतं शेजाऱ्यापासून अंतर राखण्याचं. पण यातून एवढं दिसतं की दुसऱ्या सीटचं तिकीट स्वस्तात देणं कंपनीला जमतं. जादा सीटवर जादा माणूस नसतो, त्याचं सामान नसतं, मग तिला पूर्ण भाडं का?

या प्रश्नाचं उत्तर प्रत्येक देशात वेगळं दिलं जातं. अमेरिकेचा कायदा एका तिकिटावर एकाहून जास्त सीट द्यायला कंपनीला भाग पाडत नाही. तरी तिथल्या साउथवेस्ट या विमान कंपनीने अनेक वर्षं उदार धोरण ठेवलं होतं. आर्मरेस्ट ही दोन सीटांमधली हद्द. अंग ती ओलांडत असेल तर दुसरी सीट घ्यायची आणि प्रवास झाल्यावर तिचे पैसे परत मागायचे. २७ जानेवारी २०२६पासून हे आवळलं गेलं. आता दुसरी सीट आधीच विकत घ्यावी लागते आणि परतावा मिळण्यासाठी विमान निदान एक सीट रिकामी ठेवून निघालेलं असावं लागतं. त्याच दिवशी कंपनीने वाटेल तिथे बसा ही जुनी पद्धत बंद करून ठरलेल्या सीटा द्यायला सुरुवात केली. एअर फ्रान्सची रीत मधली आहे. दुसऱ्या सीटवर २५ टक्के सूट मिळते आणि विमान भरलं नाही तर पैसे परत मिळतात.

कॅनडाने मात्र हा प्रश्न मेहेरबानीवर सोडला नाही. तिथल्या परिवहन प्राधिकरणाने जानेवारी २००८मध्ये ‘एक माणूस, एक भाडं’ असा निकाल दिला. स्थूलतेमुळे ज्याला अपंगत्व आलं आहे त्याला देशांतर्गत विमानात दुसरी सीट फुकट मिळाली पाहिजे. अपंग प्रवाशाला सोबती लागत असेल तर त्या सोबत्यालाही हेच लागू. एअर कॅनडा आणि वेस्टजेट या तिथल्या विमान कंपन्या याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेल्या. न्यायालयाने त्याच वर्षी नोव्हेंबरात प्रकरण ऐकायला नकार दिला आणि जानेवारी २००९पासून नियम लागू झाला. या सगळ्याचा बोजा किती? प्राधिकरणाच्या हिशेबाने एअर कॅनडाला प्रत्येक तिकिटामागे सुमारे ७७ सेंट आणि वेस्टजेटला सुमारे ४४ सेंट. अंगाने मोठ्या असलेल्या प्रत्येकाला ही सीट मिळत नाही, डॉक्टरांकडून लिहून आणावं लागतं. तरीही दारात उभं राहून गयावया करण्यापेक्षा हे कितीतरी बरं. आपल्याकडे असा नियम नाही. तो असावा असं मला मनापासून वाटतं.

प्रीमियम इकॉनॉमीबद्दलही थोडं सांगायला हवं, कारण घोळ तिथेही होतो. लांब पल्ल्याच्या मोठ्या विमानांत ती सीट खरोखरच रुंद असते. लहान विमानांत मात्र कित्येकदा इकॉनॉमीसारखीच तीन-तीन सीटांची रांग असते आणि फक्त पिच वाढवलेली असते. ओळखायचं कसं? नकाशात एका रांगेत किती सीटा आहेत ते मोजायचं. सहाच असतील तर रुंदीत फरक नाही. दोन-दोन असतील, जशा इंडिगोच्या ‘स्ट्रेच’मध्ये आहेत, तर रुंदी नक्की वाढलेली आहे. कधी कधी दोन साध्या सीटांपेक्षा अशी एक सीट स्वस्त पडते, म्हणून पैसे भरण्याआधी दोन्ही दर शेजारी ठेवून बघावेत.