शंभर माणसांचे उंबरठे

रात्री अकरा वाजता कोथरूडमधल्या एका चौकात सिग्नल लाल असताना चार-पाच दुचाक्या थांबलेल्या असतात. एक जण इकडेतिकडे पाहून निघतो, त्याच्यामागे दुसरा, आणि मग हिरव्याची वाट पाहणारा शेवटचा माणूसच खुळा दिसू लागतो. ‘शिस्त आपल्या रक्तातच नाही’ हे त्यावरचे नेहमीचे निदान. हल्ली रक्ताऐवजी ‘डीएनए’ म्हटले की ते वैज्ञानिकही वाटते. मात्र तोच माणूस सकाळी, पुढचे सगळे थांबलेले असताना, निमूट थांबतो. बारा तासांत कुणाचे रक्त बदलत नाही.

अमेरिकन समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७८ मध्ये याचे गणित मांडले. आधी किती जणांनी एखादी गोष्ट केली की आपणही ती करायला तयार होतो, ती संख्या म्हणजे आपला उंबरठा. समजा, शंभर माणसांचा जमाव आहे आणि त्यांचे उंबरठे ०, १, २ असे क्रमाने ९९ पर्यंत आहेत. शून्यवाल्याला कुणाचीच सोबत लागत नाही, तो पहिला दगड मारतो. ते पाहून एकवाला सरसावतो, दोघे झाले म्हणून दोनवाला, आणि असे करत शंभरच्या शंभर दंगलीत उतरतात. आता एकवाल्याला काढून त्याच्या जागी आणखी एक दोनवाला उभा करू. पहिला दगड पडतो, पण एकाच्या सोबतीवर भागणारा कुणी उरलेला नसल्याने दंगल तिथेच थांबते. उंबरठ्यांची सरासरी पहिल्या जमावात ४९.५ आणि दुसऱ्यात ४९.५१ भरते, तरीही बाहेरून पाहणारा एका गावाला दंगलखोर ठरवील आणि दुसऱ्याला सुसंस्कृत.

तत्त्वज्ञ क्रिस्तिना बिक्किएरी यांच्या मते सामाजिक संकेत दोन अपेक्षांवर उभा असतो: इतर लोक तसे वागतात, आणि आपणही तसेच वागावे असे त्यांना वाटते. यातली दुसरी अपेक्षा सहज चुकते, कारण वागणे दिसते, मन दिसत नाही. संविधानाचा मसुदा मांडताना, ४ नोव्हेंबर १९४८ रोजी, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी इतिहासकार ग्रोट यांचा आधार घेऊन बजावले होते, की संवैधानिक नीती, म्हणजे संविधानाने घालून दिलेल्या चौकटीविषयीचा आदर, माणसात उपजत नसते, ती जोपासावी लागते. ही जोपासना कुठे होते, हे पाहायला संसदेपर्यंत जाण्याची गरज नाही.

आमच्या सोसायटीच्या वार्षिक सभेत जमाखर्च वाचून होण्याआधीच ‘मंजूर, मंजूर’ असा आवाज उठे. शंका अनेकांना होती, पण बाकीचे समाधानी आहेत अशी प्रत्येकाची समजूत होती. एका वर्षी दुसऱ्या मजल्यावरच्या आजींनी लिफ्टच्या दुरुस्तीचे बिल पाहायला मागितले. क्षणभर शांतता पसरली, मग मागून एकाने रंगकामाचे विचारले, आणि चहा येईपर्यंत सात जण बोलले होते. पुढच्या सभेला खजिनदार बिलांची फाइल स्वतःहून घेऊन आले.