पिवळ्या भिंतीची पांढरी चौकट

चवथीच्या तोंडावर फोंड्याला आमच्या शेजारच्या घराची रंगरंगोटी निघाली. शेड कार्डावर पाहून पसंत केलेला मातकट पिवळा भिंतीवर चढला आणि घरमालक वैतागले, "हा रंग मी सांगितलाच नव्हता. डबा बदललाय!" रंगारी शपथेवर सांगत होता की नंबर तोच आहे. तेवढ्यात कुणीतरी वास्तुदोष काढला, पूर्वेच्या भिंतीला पिवळा चालत नाही म्हणे. दिशेप्रमाणे ऊन बदलते, पण शुभ-अशुभाचा रंगाशी काडीचा संबंध नाही. असल्या भीतीपोटी लोक धड भिंती पुन्हा रंगवतात, याचे मला खरोखर वाईट वाटते.

कार्डावरचा तुकडा अंगठ्याएवढा आणि भोवती पांढराशुभ्र कागद. पांढऱ्याच्या शेजारी कुठलाही रंग गडद भासतो. भिंतीवर तो शेजार उरला नाही, म्हणून पिवळा भडक आणि उजळ वाटू लागला.

चित्रकलेच्या वर्गात रेषा, आकार, रंग, पोत हे घटक शिकवतात आणि समतोल, लय, प्रमाण, विरोध ही तत्त्वे. त्यातला विरोध, म्हणजे शेजारशेजारच्या रंगांतला ठळक फरक, मला सर्वांत जवळचा, कारण त्याची सुरुवात थेट डोळ्याच्या पडद्यावर होते. पॅरिसच्या गोब्लँ विणकाम कारखान्यात काळा रंग फिका पडतो अशी तक्रार होती. रसायनतज्ज्ञ मिशेल शेव्रल यांनी धागे तपासले, तर रंगात खोट नव्हती. शेजारचे निळे-जांभळे धागे काळ्याला मारत होते. १८३९ साली त्यांनी या विषयावर ग्रंथच लिहिला.

असे का होते? डोळ्यात प्रकाश टिपणाऱ्या पेशी बारा कोटींहून जास्त, पण मेंदूकडे जाणारे तंतू साधारण दहा लाख. सगळा तपशील पाठवणे शक्यच नाही, म्हणून डोळा मुख्यतः फरक कळवतो. त्यासाठी प्रत्येक पेशी आपल्या शेजारणीचा संदेश थोडा दाबते. समजा, सहा पेशी ओळीने आहेत. पहिल्या तिघींवर १० एकक प्रकाश पडतो, पुढच्या तिघींवर २०. प्रत्येकीच्या आकड्यातून दोन्ही शेजारणींचा दहावा हिस्सा वजा करा (टोकाच्या पेशींना बाहेरच्या बाजूला आपल्यासारखीच शेजारीण आहे असे धरा). उत्तर येते ८, ८, ७, १७, १६, १६. सीमेलगतची अंधारी बाजू आणखी अंधारी झाली, उजळ बाजू आणखी उजळ. प्रकाशात नसलेली कड डोळ्याने स्वतः काढली! हॉर्सशू क्रॅब या सागरी जीवाच्या डोळ्यावर हेच दाबणे केफर हार्टलाइन यांनी मोजून दाखवले. डोळ्यावरच्या संशोधनासाठी १९६७चे नोबेल मिळालेल्या तिघांपैकी ते एक.

तरी एवढ्याने सगळे कोडे सुटत नाही. मायकेल व्हाइट यांनी १९७९मध्ये काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची एक आकृती मांडली. तीत काळ्या पट्टीत बसवलेला करडा तुकडा दोन्ही अंगांनी पांढऱ्याला भिडलेला असूनही उजळ दिसतो. वरच्या हिशेबाने तो गडद दिसायला हवा होता. म्हणजे पट्टी कुठली, तुकडा कुणाचा, याचा विचार पुढे मेंदूतही होतो.

आपल्या जुन्या कारागिरांना हे हातानेच कळले होते. कावी कलेत चुन्याच्या ओल्या गिलाव्यावर तांबडी काव चढवतात आणि टोकदार हत्याराने ती खरवडून खालचा पांढरा उघडा करतात. दोनच रंग, पण भिंत लांबूनही ठसठशीत दिसते. पणजीला फोंतेन्हासच्या गल्लीत पिवळ्या-निळ्या घरांच्या खिडक्यांभोवती पांढरे पट्टे आहेत. पट्ट्याजवळचा पिवळा नीट निरखून बघा, तो जास्त दाट वाटतो.

शेजाऱ्यांना मी आकडेमोड सांगितली नाही. कार्डावरच्या तुकड्याची पांढरी किनार कात्रीने उडवली आणि तो भिंतीला चिकटवला. दोन पावले मागे सरकल्यावर तुकडा कुठे आहे ते त्यांना शोधावे लागले. दुसऱ्या दिवशी रंगारी खिडक्यांभोवती चार बोटे रुंद पांढरा पट्टा ओढत होता.