डोपामिनचा उपास आणि दोन सेकंदांची मुदत

सध्या ‘डोपामिन डिटॉक्स’ची लाट आहे. मोबाइल कपाटात, संगीत बंद, गोड बंद, गप्पासुद्धा बंद. दिवसभर असं राहिलात की मेंदूत साचलेलं डोपामिन निचरून जातं आणि दुसऱ्या दिवशी आपसूक कामाला बसावंसं वाटतं, असं सांगणारे व्हिडिओ मला दर आठवड्याला कोणी ना कोणी पाठवतंच. (ते पाहायला मोबाइलच हातात घ्यावा लागतो, ही गंमत पाठवणाऱ्यांच्या लक्षात आलेली दिसत नाही.) फोन बाजूला ठेवायला माझी ना नाही, खुशाल ठेवा. पण डोपामिन म्हणजे मेंदूतल्या पेशी निरोप द्यायला वापरतात असं एक रसायन. तो काही नळीत साचणारा गाळ नव्हे आणि ते ‘आनंदाचं रसायन’ही नव्हे.

आनंदाचा गैरसमज जुना आहे. १९५४ मध्ये जेम्स ओल्ड्स आणि पीटर मिल्नर या दोघांनी उंदरांच्या मेंदूत बारीक तारा बसवल्या आणि अशी सोय केली की उंदरानं कळ दाबली की त्याच्याच मेंदूला विजेचा हलका धक्का बसावा. उंदीर कळ दाबतच सुटले. मेंदूतलं ‘सुखकेंद्र’ सापडलं असा बोलबाला झाला. पुढे या जागांचा डोपामिनशी संबंध आहे हे कळलं आणि डोपामिन म्हणजे सुख हे समीकरण पक्कं झालं. त्याला पहिला मोठा तडा गेला १९८० च्या दशकाच्या शेवटी. केंट बेरिज आणि सहकाऱ्यांनी उंदरांच्या मेंदूतलं डोपामिन जवळपास संपवलं आणि मग त्यांच्या जिभेवर साखरपाणी सोडलं. धडधाकट उंदीर गोड लागल्यावर जशा जिभल्या चाटतात, तशाच यांनीही चाटल्या. गोडी शाबूत होती. पण हेच उंदीर पुढ्यात खाणं असूनही स्वतःहून तोंड लावेनात. गेली होती ती ओढ.

मग डोपामिन करतं तरी काय? याचं सगळ्यात सुंदर उत्तर वोल्फ्राम शुल्ट्झ यांच्या माकडांनी दिलं. शुल्ट्झ स्वित्झर्लंडमधल्या फ्रिबुर्गमध्ये मध्यमेंदूतल्या डोपामिन पेशींमध्ये सुईसारखी विद्युत्-अग्रं घालून त्यांची टिकटिक ऐकत होते. शोध चालला होता हालचालींचा, कारण पार्किन्सनच्या आजारात याच पेशी मरतात. एरवी या पेशी सेकंदाला तीन-पाच ठोके देत संथ चालतात. माकडाला अचानक फळाच्या रसाचा थेंब मिळाला की ठोक्यांचा तडतडाट होई. इथवर सगळं ‘सुखा’च्या समीकरणात बसतं. मग त्यांनी रसाच्या थोडं आधी दिवा लावायला सुरुवात केली. माकडाला दिव्याचा अर्थ कळल्यावर तडतडाट सरकला आणि दिव्यापाशी आला. रस मिळाल्यावर पेशी आता ढिम्म! तोच रस, तेवढाच गोड. आणि दिवा लावून रस दिलाच नाही तर? ज्या क्षणी रस यायला हवा होता, बरोबर त्या क्षणी पेशी गप्प झाल्या. नेहमीची टिकटिकसुद्धा थांबली.

न घडलेल्या गोष्टीला मेंदूतली एक पेशी वेळ पाळून प्रतिक्रिया देते, हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा पान उलटायचं विसरलो होतो. अंधारात जिना उतरताना अजून एक पायरी आहे असं समजून आपण पाऊल टाकतो आणि जमीन आधीच लागते, तेव्हा अंगातून जे सर्रकन जातं ते आठवा. (तो हिशेब मेंदूचा दुसरा भाग ठेवतो, पण जात तीच.) डोपामिन पेशी मोजतात ती वजाबाकी: मिळालं ते, वजा मिळेल असं वाटलं होतं ते. उत्तर अधिक आलं तर तडतडाट, शून्य आलं तर जैसे थे, उणे आलं तर शांतता. १९९७ मध्ये शुल्ट्झ, पीटर दायान आणि रीड मॉन्टेग्यू यांनी ही वजाबाकी थेट यंत्रांना शिकवण्यासाठी लिहिलेल्या गणिताशी जोडली. ते गणित रिचर्ड सटन आणि अँड्र्यू बार्टो यांच्या कामातून आलेलं होतं. या दोघांना संगणकशास्त्रातला मानाचा ट्युरिंग पुरस्कार (२०२४ चा) मिळाला. संगणकासाठी कागदावर मांडलेलं सूत्र माकडाच्या डोक्यात आधीपासूनच चालू असावं, याचं मला अजून नवल वाटतं.

पण माझा खरा जीव अडकला आहे तो पुढच्या प्रश्नात. माणसाच्या मेंदूत सुमारे ८६ अब्ज चेतापेशी आहेत. मध्यमेंदूतल्या डोपामिन पेशी त्यात जेमतेम चार ते सहा लाख. मात्र एकेकीचा पसारा अफाट असतो. उंदराच्या मेंदूतली अशी एकच पेशी लाखो चेतासंधींपर्यंत, म्हणजे एका चेतापेशीचा निरोप दुसरीला पोचतो त्या जोडांपर्यंत, आपले धागे पोचवते. म्हणजे डोपामिनचा संदेश हा बंद पाकिटातलं पत्र नव्हे, ती दवंडी आहे. ‘अपेक्षेपेक्षा बरं झालं हो!’ अशी आरोळी सगळ्या गावाला ऐकू जाते. पण बरं झालं कुणामुळे? गेल्या काही क्षणांत प्राण्यानं मान वळवली, पाय उचलला, कळ दाबली, नाक खाजवलं. या प्रत्येक हालचालीमागे वेगळ्या चेतासंधी होत्या. बळकट व्हायला हवी ती फक्त कळ दाबणारी. दवंडी ऐकून तिला कसं कळावं की हे आपल्याबद्दल चाललंय?

२०१४ मध्ये टोकियोतल्या हारुओ कासाई यांच्या गटानं हे एका चेतासंधीच्या पातळीवर पाहिलं. चेतापेशीच्या फांद्यांवर बोंडासारखे बारीक फुगवटे असतात. बोंडाचं डोकं मिलिमीटरच्या हजाराव्या भागापेक्षाही लहान. शेजारच्या पेशीचा निरोप इथे पोचतो आणि बोंड फुगलं की जोडणी बळकट झाली असं साधारण समजायचं. कासाईंच्या गटानं उंदराच्या मेंदूच्या कापात लेसरनं नेमक्या एका बोंडाला निरोप दिला आणि डोपामिन धाग्यांवर वेगळा प्रकाश टाकून त्यांना डोपामिन सोडायला लावलं. निरोप आणि डोपामिन यांच्यातलं अंतर ते बदलत गेले. निरोपानंतर ०.३ ते २ सेकंदांच्या आत डोपामिन आलं तर बोंड फुगलं. त्यानंतर आलं तर नाही. आणि निरोपाच्या एक सेकंद आधी आलं तरीही नाही. कृती आधी, फळ मागून, आणि तेही मुदतीत.

ही मुदत पाळतं कोण? आता थोडी नावांची गर्दी होईल, सोसून घ्या. निरोप आला की बोंडात कॅल्शियम शिरतं. कॅल्शियम एका विकराला (पेशीतल्या रासायनिक क्रिया घडवून आणणाऱ्या प्रथिनाला), अ‍ॅडेनिलिल सायक्लेजला, दार उघडायच्या तयारीत उभं करतं. पण एकट्या कॅल्शियमवर त्याचं भागत नाही, मागोमाग डोपामिनचाही धक्का लागतो. दोन्ही जमले की चक्रीय एएमपी नावाचा रेणू भराभर तयार होतो. तो प्रोटीन कायनेज-ए नावाच्या दुसऱ्या विकराला जागं करतो. हा कायनेज मग कायनेजांचं काम पुसणाऱ्या फॉस्फेटेज या ‘खोडरबरा’चा हात धरतो. खोडरबर अडलं की कॅल्शियमनं सुरू केलेला दुसरा एक कायनेज चालू राहतो आणि बोंड फुगतं. या सगळ्यात फॉस्फोडायएस्टरेज नावाचं विकर चक्रीय एएमपीचा सतत फडशा पाडत असतं. फांदीच्या बारीक टोकांत त्याचा जोर इतका की चक्रीय एएमपीला रेंगाळायला वेळच मिळत नाही. थोडक्यात, प्रत्येक चेतासंधी ‘आत्ता मी बोलले होते’ अशी ओली खूण करून ठेवते आणि दोन सेकंदांत ती वाळते. दवंडी सगळ्यांना ऐकू येते, पण जिची खूण ओली असते तीच बदलते. ज्यांना मध्येच धागा सुटला त्यांनी एवढी ओली खूण लक्षात ठेवली तरी चालेल.

या यंत्रणेत एक उणीव आहे. ती फक्त क्रम बघते, कारण तपासत नाही. १९४८ मध्ये मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांनी आठ भुकेल्या कबुतरांना ठरावीक वेळानं दाणे मिळतील अशी सोय केली. कबुतरांनी काहीही केलं, न केलं, तरी दाणे येणारच. त्यातल्या सहा जणांनी तरीही आपापलं कर्मकांड सुरू केलं. एक पिंजऱ्यात घड्याळाच्या उलट्या दिशेनं गिरक्या घेऊ लागलं, एक वरच्या कोपऱ्यात डोकं खुपसू लागलं. पुढे १९७१ मध्ये स्टॅडन आणि सिमेलहॅग यांनी दाखवलं की यातलं बरंचसं कबुतरांचं खाण्याआधीचं उपजत वागणं असावं, तेव्हा स्किनरची गोष्ट जशीच्या तशी घेऊ नये. मला मात्र माझं परीक्षेचं निळं पेन आठवतं. पहिल्या पेपरला ते हाती होतं, पेपर सोपा गेला, मग शेवटपर्यंत तेच. टोपण तुटलं तर चिकटपट्टी लावून वापरलं. पेन आणि निकालात दोन सेकंद नव्हे, दोन महिने असतात. तिथे स्मृती आणि कल्पना मधला पूल बांधतात. पण क्रमालाच कारण समजायची खोड कबुतराची आणि माझी सारखीच. नशीब फळवणाऱ्या वस्तू विकणाऱ्यांचा धंदा या खोडीवरच चालतो, आणि ‘मेंदू रीसेट’ विकणाऱ्यांचाही.

वजाबाकीचं हे चित्र अंतिम आहे असंही नाही. २०२० मध्ये उंदरांवरच्या नोंदींतून दिसलं की सगळ्या डोपामिन पेशी एकच अपेक्षा धरत नाहीत. काही आशावादी असतात, काही रडतराव, आणि मिळून त्या शक्यतांचा अख्खा पट मांडतात. २०२२ मध्ये विजय नंबूदिरी यांच्या गटानं तर मुळालाच हात घातला. त्यांच्या मते डोपामिन पुढचं भाकीत तपासत नाही, फळ मिळाल्यावर मागे वळून ‘हे कशामुळे झालं’ ते शोधतं. अवचित मिळणाऱ्या साखरपाण्याला उंदरांचा डोपामिन प्रतिसाद सवयीनं घटायला हवा होता किंवा तसाच राहायला हवा होता. त्यांच्या नोंदींत तो वाढत गेला. वाद जोरात चालू आहे. मी अजून वजाबाकीच्या बाजूनं आहे, पण पूर्वीइतका ठाम नाही.

राहिला उपास. मेंदूतलं डोपामिन खरोखर रिकामं केलं तर काय होतं, हे १९५७ मध्येच पाहून झालंय. अर्विद कार्लसन यांनी सशांना सर्पगंधेतून मिळणारं रेसर्पिन टोचलं. त्यानं डोपामिनचे साठे रिते होतात. ससे कान पाडून, हलायचंही सोडून जागच्या जागी पडून राहिले. मग कार्लसननी त्यांना डोपामिनचा कच्चा माल असलेलं एल-डोपा टोचलं. थोड्याच वेळात ससे उठले, कान ताठ झाले आणि ते इकडेतिकडे फिरू लागले.