पीनट बटर हुंगून अल्झायमर कळत नाही

डाव्या नाकपुडीला पीनट बटरचा वास उशिरा आला की समजा अल्झायमर, हा फॉरवर्ड दहा वर्षांहून अधिक काळ फिरतो आहे. तो अगदीच हवेतला नाही. २०१३ मध्ये फ्लोरिडा विद्यापीठात चमचाभर पीनट बटर आणि मोजपट्टी घेऊन हा प्रयोग झाला. अल्झायमरच्या रुग्णांना डाव्या नाकपुडीने वास येण्यासाठी डबी उजवीपेक्षा सरासरी १० सेंटिमीटर जवळ आणावी लागली. पण असे रुग्ण होते जेमतेम १८. पुढच्याच वर्षी पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात रिचर्ड डोटी यांच्या गटाने पुन्हा तपासलं, तर डाव्या-उजव्यात फरकच सापडेना. हे मात्र फारसं कुणी फॉरवर्ड केलं नाही.

वास कमी होणं आणि अल्झायमर यांचा संबंध खराच आहे. वासाचे संदेश मेंदूच्या ज्या भागात पोचतात त्या एन्टोरायनल कॉर्टेक्समध्ये टाऊ प्रथिनाचे गुंते फार लवकर होतात. विस्मरण सौम्य असतानाच तिथल्या एका थरातल्या निम्म्याहून अधिक पेशी गेलेल्या असू शकतात. पण सर्दी, नाकातली मांसवाढ, कोविड, पार्किन्सन, नुसतं वय, यांनीही वास जातोच. आजोबांना फोडणीचा वास येईना, तर आधी कान-नाक-घसा तज्ज्ञ गाठा. विसरणंही वाढलं असेल तर न्यूरॉलॉजिस्ट.