सोन्याची सायकल आणि कोल्हापूरचा पाऊस

परवा भाच्यानं व्हॉट्सॲपवर फोटो धाडला. चेनपासून हँडलपर्यंत सोनेरी सायकल आणि खाली लिहिलेलं, 'मामा, नाद खुळा! हिच्यावरून रंकाळ्याला चक्कर मारायची?'

फोटो बनावट नव्हता. २००९ च्या सुमारास ऑरुमानिया नावाच्या कंपनीनं अशा फक्त १० सायकली विकायला काढल्या होत्या. २४ कॅरेट सोन्याचा मुलामा, वर ६०० च्या आसपास स्वारोव्हस्की खडे आणि किंमत ८०,००० युरो. तेव्हाच्या दरानं ५० लाखांच्या वर. भाच्याला वाटलं, तेवढ्याचं सोनंच असणार अंगावर. मग मी कागद घेऊन बसलो.

सायकलीच्या सगळ्या धातूचा पृष्ठभाग अंदाजे अर्धा चौरस मीटर धरू. त्यावर १ मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाएवढा थर द्यायचा तर अर्धा घनसेंटिमीटर सोनं लागेल. सोन्याची घनता १९.३. म्हणजे झालं जेमतेम १० ग्रॅम, तोळाभरसुद्धा नाही! थर पाचपट जाड केला तरी ५० ग्रॅम. २००९ साली १० ग्रॅमचा भाव १५ हजारांच्या आसपास होता, तेव्हा पाऊण लाखात काम भागलं. उरलेले ४९ लाख खडे, मजुरी आणि मुख्यतः 'दहातली एक माझ्याकडे आहे' या सुखाचे.

आपल्याकडे 'सोन्याचं पाणी दिलंय' म्हणतात ते शब्दशः खरं आहे. गुजरीजवळच्या, म्हणजे कोल्हापूरच्या सराफबाजाराजवळच्या, एका कारागिराकडे मी हे काम बघत बसलो होतो. कोमट द्रावणात सोनं सायनाइडशी बांधलेल्या अवस्थेत विरघळलेलं असतं. तांब्याच्या तारेला अडकवलेला दागिना विजेच्या ऋण टोकाला जोडून आत सोडला आणि दहा आकडे मोजेपर्यंत तो पिवळा झाला. द्रावणातल्या सोन्याच्या प्रत्येक आयनाला धातू व्हायला एकच इलेक्ट्रॉन लागतो. फॅरडेच्या नियमानं (जेवढा विद्युतभार, तेवढा धातू जमा) १० ग्रॅम सोन्यासाठी सुमारे १.४ अँपिअर-तास विद्युतभार पुरतो. तुमच्या मोबाईलच्या ५००० मिलिअँपिअर-तासाच्या बॅटरीत याच्या साडेतीनपट भार असतो. (चार्जर घेऊन प्रयोगाला बसू नका. सायनाइड आहे ते.)

आता रंकाळ्याच्या चक्करीकडे येऊ. सोनं गंजत नाही हे शाळेतलं पोरगंही सांगेल. म्हणून सोन्यात मढवलेली सायकल गंजणार नाही, असं वाटतं ना? इथंच गंमत आहे. पोलादावर सोनं चढवलं आणि त्याला खालपर्यंत एक बारीक ओरखडा गेला, तर उघडं पडलेलं लोखंड साध्या उघड्या लोखंडापेक्षा जास्त वेगानं गंजतं.

कारण असं. धातूंची एक उतरंड आहे. आपल्या कामाच्या तिघांत इलेक्ट्रॉन सोडायला जस्त सर्वात उतावीळ (–०.७६ व्होल्ट), मग लोखंड (–०.४४), आणि सोनं पक्कं चिकट (+१.५). ओरखड्यावर पावसाचा थेंब बसला की दोन धातू आणि मध्ये पाणी, म्हणजे एक इवलीशी बॅटरीच झाली. लोखंडाचा अणू दोन इलेक्ट्रॉन सोडून पाण्यात उतरतो. ते इलेक्ट्रॉन धातूतूनच सोन्याकडे जातात. सोन्याच्या पृष्ठभागावर पाण्यातला विरघळलेला ऑक्सिजन त्यांची वाटच बघत असतो. तो ते घेतो आणि हायड्रॉक्साइड बनतं. सोन्याचं स्वतःचं काहीच बिघडत नाही, ते फक्त देवघेवीची पेढी चालवतं. पण पेढी केवढी मोठी! ओल्या सोन्याचा विस्तार चौरस सेंटिमीटरांत आणि ओरखडा केसाएवढा. सगळ्या सोन्यावर जेवढे इलेक्ट्रॉन खपतात तेवढे त्या केसाएवढ्या जागेतल्या लोखंडानं पुरवायचे. म्हणून गंज पसरत नाही, टोकरत खोल जातो. वरून सायकल झळझळीत आणि आत भोक.

जस्त चढवलेली लोखंडी बादली आठवा. तिला ओरखडा गेला तर उलट घडतं. जस्त लोखंडापेक्षा उतावीळ, म्हणून आधी तेच झिजतं आणि लोखंडाला सांभाळतं. उद्यमनगरात किलोवर मिळणारा जस्त चढवलेला बोल्ट जुलैच्या झडीत सोनेरी बोल्टापेक्षा जास्त टिकेल, तो यामुळेच.

चांगला कारागीर सोन्याखाली आधी तांबं-निकेलचा जाड थर देतो, म्हणजे ओरखडा लोखंडापर्यंत जायला वेळ लागतो. पण शुद्ध सोनं कठीणपणाच्या मोहस मापावर २.५, आपल्या नखाइतकंच. चेन आणि दात्यांवर ते किती दिवस टिकणार? आमच्या आत्याच्या एक ग्रॅम सोन्याच्या साजाचा हूक दोन उन्हाळ्यांत हिरवा पडला. घामातलं मीठ, खालचं तांबं, तीच बॅटरी. आत्या मात्र दोष साडेसातीला देते. तिच्याकडे रात्री पाण्याच्या तांब्यात सोन्याचं नाणं टाकून सकाळी ते 'तेज उतरलेलं' पाणी प्यायची पद्धतही आहे. ज्या सोन्याला विरघळवायला सायनाइड किंवा अम्लराज (दोन तीव्र आम्लांचं मिश्रण) लागतं, ते पंचगंगेच्या पाण्यात रात्रीत काय उतरणार? आणि उतरत असतं तर नाणं झिजलं असतं, मग आत्यानंच ते पहिल्यांदा कपाटात टाकलं असतं.

सोन्याचा पैसा वसूल होतो तो दुसरीकडे. अवकाशातल्या जेम्स वेब दुर्बिणीचा आरसा २५ चौरस मीटरचा. त्यावर सोन्याचा थर १०० नॅनोमीटर, सगळं मिळून ४८ ग्रॅम, चार तोळ्यांच्या आसपास. तिथं सोनं आहे ते अवरक्त (इन्फ्रारेड) प्रकाश जवळजवळ सगळाच्या सगळा परतवतं म्हणून. सिमकार्डावरची पिवळी पट्टीसुद्धा तशीच. तिच्यावर ऑक्साइडचा थर बसत नाही, म्हणून वर्षानुवर्षं संपर्क तुटत नाही.

भाच्याचं समाधान झालं नाही. त्यानं माझी जुनी सायकल त्याच कारागिराकडे नेली. कारागिरानं मडगार्ड उलटं केलं, आतल्या गंजावरून बोट फिरवलं आणि विचारलं, 'भावा, आधी हे घासायला किती दिवस देतोस?'